इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय? आधी वायरमनला बोलवा

शोरूममधल्या पोराने पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, सर नाही आले?" दुसरा प्रश्न, "रोजचं रनिंग किती?" मी 78 किलोमीटर म्हटल्यावर तो आपुलकीने म्हणाला, "मग कामून त्या भानगडीत पडता? डिझेल घेऊन टाका, सनरूफवाली." त्याच कंपनीची इलेक्ट्रिक गाडी मागे कोपऱ्यात उभी होती. डेमोला मागितली तर चार्ज नव्हती. सोमवारी या म्हणाला. सोमवारी गेले, तेव्हाही चार्ज नव्हती.

मी अंबाजोगाईला राहते आणि धारूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. आम्ही पाच जण एका गाडीत अपडाउन करतो. शेवटी दुसऱ्या शोरूममधून, दुसऱ्या कंपनीची इलेक्ट्रिक गाडी घेतली. बावीस महिन्यांत 41 हजार किलोमीटर झाले. गाडीबद्दल माझी तक्रार फारशी नाही. तक्रार आहे ती मोठमोठ्या कंपन्यांच्या वागण्याबद्दल. गाडी विकताना पडदा किती इंची ते सांगतात, पण ती तुमच्या घरच्या भिंतीतल्या पॉइंटवर चालणार आहे, त्या पॉइंटचं नाव कुणी काढत नाही. मला जे ठेच खाऊन कळलं ते इथे लिहिते. अंबाजोगाई, परळी, केज, लातूर, परभणी भागातल्या माणसाला निदान माझ्याइतका मनस्ताप होऊ नये.

पंधरा दिवसांची वही

गाडी बघायला जाण्याआधी पंधरा दिवस रोजचे किलोमीटर वहीत लिहा. अंदाजाने नको, मीटर बघून. माझ्या वहीत पंधरापैकी तेरा दिवस शंभराच्या आत निघाले. एक दिवस लातूर, जाऊन-येऊन सव्वाशेच्या आसपास. आणि एक दिवस नणंदेकडे छत्रपती संभाजीनगर, एका बाजूचेच सव्वादोनशे.

गाडी त्या तेरा दिवसांसाठी घ्यायची. पंधराव्या दिवसाची भीती घालून शोरूमवाला तुम्हाला दोन-तीन लाखांनी महाग, मोठ्या बॅटरीची गाडी गळ्यात घालतो. वर्षातून चार वेळा संभाजीनगरला जायचं म्हणून रोज मोठ्या बॅटरीचं जादा ओझं धारूरपर्यंत वाहून नेण्यात गणित बसत नाही. मात्र तुमच्या वहीत आठवड्यातून तीन दिवस दोनशेच्या वर असतील, तर छोटी बॅटरी घेऊ नका. आणि घरी गाडी लावायला स्वतःची जागा नसेल, तर अजून थांबा.

ब्रोशरचा आकडा आणि आपला आकडा

ब्रोशरवर जे किलोमीटर छापतात ते प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून काढलेले असतात. त्या चाचणीत वेग ताशी 90 च्या वर जातच नाही, एसी बंद असतो, चढ नसतो आणि मागे तीन गुरुजी बसलेले नसतात. 2020 मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचं उदाहरण घ्या. बॅटरी 30.2 युनिटांची (ब्रोशरमध्ये kWh लिहितात, ते म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिटच), अधिकृत आकडा 312 किलोमीटर. म्हणजे युनिटमागे दहाच्या वर. आमच्या रस्त्याला एवढं कुणाला मिळत असेल तर त्याचा मी सत्कार करीन. टाटांनी 2024 पासून अधिकृत आकड्यासोबत 'सी 75' नावाचा दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली, तो बराच प्रामाणिक आहे. 45 युनिटांच्या नेक्सॉनला चाचणीत 489 आणि सी 75 मध्ये 350 ते 370. एकाच गाडीचे हे दोन आकडे! बाकीच्या कंपन्यांना असं छापायला कुणी अडवलंय?

तुम्ही तुमचा आकडा स्वतः काढा. डेमो गाडी मागताना "चक्कर मारायचीय" म्हणू नका, नाहीतर रिंगरोडवर तीन किलोमीटर फिरवून आणतात. "40 किलोमीटर चालवणार, चार माणसं बसणार, एसी चालू राहणार" असं आधीच सांगा. निघताना टक्के लिहा. वीस किलोमीटर जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्हीकडून फिटतो. समजा बॅटरी 30 युनिटांची आणि 18 टक्के उतरले. म्हणजे 5.4 युनिटांत 40 किलोमीटर, युनिटमागे 7.4. पूर्ण बॅटरीला 222. त्यातले शेवटचे 15 टक्के हातचे धरायचे, उरले 189. तो तुमचा आकडा. माझा सांगायचा तर शाळेच्या रस्त्याला साडेसात, आणि मोठ्या हायवेवर शंभरच्या वेगाने पाच जण बसून सहाच.

40 किलोमीटरला गाडी देत नसतील, तर त्या शोरूमच्या पायऱ्या उतरा. मी उतरले.

सनरूफचा जाच

हा माझा दुखरा भाग आहे, थोडं सहन करा.

मला मोठी नको, साधी गाडी हवी होती. पाच माणसं, सहा एअरबॅग, एसीला फिरवायचं बटण, स्टेपनी, आणि लवकर चार्ज होण्याची सोय. अशी गाडी यादीत सापडेना. बरी बॅटरी हवी तर वरचं मॉडेल घ्या, वरच्या मॉडेलला सनरूफ आलंच. मे महिन्यात परभणीत पारा 43-44 ला टेकतो. तिथे छताला काच लावून घ्यायची आणि मग ऊन येतं म्हणून तिला पडदा लावायचा, हे मला समजत नाही. एसीसुद्धा पडद्यावर बोट फिरवून कमी-जास्त करायचा. आमच्या रस्त्यावर खड्डा आला की बोट तिसरीकडेच पडतं, एसी कमी करायला जावं तर भजन लागतं.

साधी गाडी बनवता येत नाही असं नाही. 2001 मध्ये बेंगळुरूच्या एका छोट्या कंपनीने रेवा नावाची इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर आणली होती, पुढे 2010 मध्ये ती कंपनी महिंद्राने घेतली. देशातल्या सगळ्यात मोठ्या कार कंपनीने, मारुतीने, 2018 मध्ये इलेक्ट्रिक वॅगन आरच्या 50 गाड्या चाचणीला रस्त्यावर सोडल्या. आमच्यासारख्या अपडाउनवाल्यांची हक्काची गाडी झाली असती ती. ती शोरूमला आलीच नाही. 2025 मध्ये मारुतीने पहिली इलेक्ट्रिक गाडी दाखवली ती ई-विटारा, 49 आणि 61 युनिटांच्या बॅटरीची. दुसरं टोक एमजी कॉमेटचं. 2023 मध्ये आली, 17.3 युनिटांची, गल्लीबोळात झकास, पण चार्जिंग स्टेशनवरचं जलद चार्जिंगच नाही आणि माणसं चारच बसणार. आमच्यातला पाचवा कोण उतरणार यावर स्टाफरूममध्ये भांडण झालं असतं.

तर करायचं काय? मॉडेलची यादी घेऊन बसा आणि चारच गोष्टींवर पेनाने गोल करा: बॅटरी किती युनिटांची, गाडीतला चार्जर किती किलोवॅटचा, जलद चार्जिंगचं सीसीएस 2 पोर्ट आहे का, स्टेपनी आहे का. बऱ्याच गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चरची बाटली आणि हवेचा पंप देतात. खिळा घुसला तर बाटलीने भागतं. टायर बाजूने फाटला तर भागत नाही, आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा खचलेल्या रस्त्यावर टायर बाजूनेच फाटतो. स्टेपनी वेगळी विकत घेऊन डिकीत टाका. हे चार गोल झाले की मगच रंग बघा.

आता वायरमन

गाडी घरी आली त्या संध्याकाळी ओवाळलं, पेढे वाटले आणि सोबत आलेली केबल पंधरा अँपियरच्या पॉइंटला लावली. लाल दिवा. पुन्हा लावली, पुन्हा लाल. कंपनीच्या हेल्पलाइनने गाडी बंद करून चालू करायला सांगितलं. तीन दिवस मी गाडी बंद-चालू करत होते आणि शाळेला एसटीने जात होते. नवव्या दिवशी जिल्ह्याहून माणूस आला, त्याने लॅपटॉप लावला आणि निकाल दिला: "गाडी ओके आहे मॅडम, प्रॉब्लेम तुमच्या घरचा आहे." आणि गेला. घरचा म्हणजे कुठला, ते सांगायचं त्याच्या कामात बसत नव्हतं.

आमच्या गल्लीतल्या वायरमनने पाच मिनिटांत पकडलं. "ताई, अर्थिंगच नाही तुमच्या घराला. मग गाडी करंट घेईना गेली तर तिची काय चूक?" मल्टिमीटरवर फेज ते न्यूट्रल 228 व्होल्ट, फेज ते अर्थ 187, आणि न्यूट्रल ते अर्थ 41. हा शेवटचा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. फ्रिज, मिक्सर, गिझर हे असल्या अर्थिंगवर वर्षानुवर्षं चालतात, ते काही बोलत नाहीत. गाडीची केबल मात्र आधी अर्थिंग तपासते आणि ते नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. हे ती बरोबर करते, कारण अर्थिंग नसताना काही बिघडलं तर गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल.

आपल्याकडे हा घोटाळा जास्त होण्याचं कारण जमीन. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. पंचवीस वर्षांपूर्वी घर बांधताना पुरलेली अर्थिंगची पट्टी अशा कोरड्या भेगेत लोंबकळत असते. म्हणून डिसेंबरमध्ये नीट चार्ज होणारी गाडी एप्रिलमध्ये रुसते.

तेव्हा गाडी बुक करायच्या आधी, पैसे भरायच्या आधी, हे करून घ्या. वायरमनकडून वरची तिन्ही मापं घ्या, पण घरात गिझर किंवा इस्त्री चालू ठेवून. लोड नसताना मीटर गोड बोलतो. आमच्या वायरमनने फेज आणि अर्थमध्ये शंभरचा जुना बल्ब लावून दाखवला, बल्ब नुसता मिणमिणला. (हा प्रयोग त्यालाच करू द्या, आपण नाही.) मग नवीन अर्थिंग: अडीच मीटर खड्डा, भोकं पाडलेला जीआय पाइप, भोवती कोळसा आणि खडेमिठाचे थर, आणि वरून पाणी ओतायला तोंड. मिठाच्या झंझटीशिवाय तयार केमिकल अर्थिंगही मिळतं, जरा महाग पडतं. मीटरपासून गाडीच्या पॉइंटपर्यंत वेगळी लाइन, चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, तिला स्वतंत्र एमसीबी आणि 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच). पॉइंट चांगल्या कंपनीचा, औद्योगिक दर्जाचा असेल तर उत्तम. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. पहिल्या दिवशी तासाभराने प्लग हाताला लावून बघा. कोमट चालतो, चटका बसला तर बंद करा, कारण आत कुठेतरी वायर ढिली आहे. मला खड्ड्यासकट सतरा हजार लागले. सनरूफच्या मानाने फुकटच.

एक धोक्याची सूचना मोठ्या आवाजात सांगते. काही वायरमन शॉर्टकट मारतात, पॉइंटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडून देतात. गाडी फसते, हिरवा दिवा लागतो, वायरमन पाचशे रुपये घेऊन जातो. पुढे कधी खांबावरचा न्यूट्रल तुटला की गाडीचा सगळा पत्रा जिवंत होतो. पावसात भिजलेलं पोर दार उघडायला गेलं तर काय होईल, ते लिहवत नाही. असं करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घालवून द्या.

व्होल्टेजचं वेगळं रडगाणं आहे. परळीचं औष्णिक केंद्र आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर, तरी उन्हाळ्यात संध्याकाळी सातला घरात 185 व्होल्ट. एवढ्यात गाडी एक तर चार्ज होत नाही, नाहीतर रांगत होते. रात्री अकरानंतर कूलर-टीव्ही बंद झाले की 220 होतं. मी गाडीला रात्री साडेअकराची वेळ लावून ठेवते, पहाटे चारच्या आत काम झालेलं असतं. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यायचा अर्जही करून टाका. एक किलोवॅटच्या मंजुरीवर तीन किलोवॅटची गाडी ओढायची आणि मग डीपीला शिव्या द्यायच्या, हे बरं नव्हे. शेतपंपाच्या लाइनवर गाडी लावायचा मोह होतो, तो आवरा. ती वीज त्या कामासाठी नाही आणि पकडलं तर दंड आहे.

बिलाचं गणित

78 किलोमीटरला साडेदहा युनिटं, चार्जिंगमधली घट धरून साडेअकरा. शाळेचे चोवीस दिवस धरले तर 276. घरचे शंभर मिळवले की बिल 300 युनिटांच्या पुढच्या टप्प्यात जातं आणि तिथला दर चांगलाच चढा आहे. शोरूमवाला "किलोमीटरला एक रुपया" सांगतो तेव्हा तो खालच्या टप्प्याचा दर धरतो. तुमचं स्वतःचं मागचं बिल काढा आणि त्याच्यावर गाडीची युनिटं चढवून बघा. छतावर जागा असेल तर पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78 हजारांचं अनुदान आहे. तेवढे पॅनल आपल्या उन्हात रोज सरासरी बारा युनिटं देतात, म्हणजे माझ्या अपडाउनची सोय होते. आम्ही दुसऱ्या वर्षी बसवले, आधी बसवायला हवे होते.

सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, इलेक्ट्रिकचा आधीपासून 5 च होता. म्हणजे किमतीतलं अंतर पुन्हा वाढलं. ज्यांचं रोजचं रनिंग तीसच्या आत आहे त्यांनी पेट्रोलच घ्यावी, माझं स्पष्ट मत.

लांबचा पल्ला

संभाजीनगरला जाताना केज, नेकनूर, मांजरसुंबा. मांजरसुंब्याच्या घाटातून बीडकडे उतरताना बॅटरी एक-दोन टक्के वाढलेली दिसते, तेव्हा लहान मुलासारखा आनंद होतो. परतीला तोच घाट सगळं वसूल करतो, हे ध्यानात ठेवा.

बीडला चार्ज करून पुढे जायचं असं ठरवून पहिल्या वेळी गेले. अ‍ॅपमध्ये चार्जर हिरवा, प्रत्यक्षात पडदा काळा. तिथल्या पोराने सांगितलं, "आठ दिस झाले बंद हाय." तेव्हापासून माझा नियम असा: एका चार्जरच्या भरवशावर निघायचं नाही. पंचवीस किलोमीटरच्या आत दुसरा पाहिजे, आणि तिथे पोचताना गाडीत निदान 25 टक्के पाहिजेत. निघण्याआधी अ‍ॅपमध्ये त्या चार्जरवर शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघायचं आणि तिथल्या हॉटेलला किंवा पंपाला फोन करायचा. तीन-चार अ‍ॅप आधीच घेऊन प्रत्येकात दोनशे-तीनशे रुपये टाकून ठेवा, रेंज नसलेल्या जागी ओटीपी येत नाही. घरची केबल डिकीत असू द्या. लग्नकार्याला गेलात तर मंगल कार्यालयात जनरेटरवर लावू नका, आचारी अंगावर येतो.

जालन्याहून समृद्धीने जाणार असाल तर राज्याच्या 2025 च्या धोरणात इलेक्ट्रिक गाड्यांना समृद्धीवर टोलमाफी लिहिलेली आहे. तरी फास्टॅगचा मेसेज बघत चला आणि पैसे कापले गेले तर पावती ठेवून तक्रार करा.

कागद आणि मेकॅनिक

संभाजीनगरजवळ बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत एथर या इलेक्ट्रिक स्कूटर कंपनीचा कारखाना येतोय, टोयोटाने 2024 मध्ये तिथल्या कारखान्यासाठी वीस हजार कोटींचा करार केला. जायकवाडी तिथून जवळच आहे, म्हणून म्हणते, धरण उशाला आणि कोरड घशाला. गाड्या इथे बनतील तेव्हा बनतील, आज माझ्या गाडीची मोठी बॅटरी उघडायची परवानगी असलेला मेकॅनिक दोन तासांवर आहे. बुकिंगच्या आधी शोरूमला लेखी विचारा: हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस कुठे बसतो, गाडी नेताना सपाट ट्रेलर कोण पाठवतो, आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट. गाडी दोरीने ओढायची नसते. मोटरला जोडलेली चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते आणि नसतं नुकसान होतं.

वॉरंटीत दोन ओळी शोधा. ती पहिल्याच मालकाला आहे का, आणि बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार. आठ वर्षांचं मोठ्या अक्षरात असतं, हे टक्के बारीक अक्षरात. प्रत्येक सर्व्हिसला बॅटरीच्या तब्येतीचा आकडा छापून मागा. मला दोनदा "सिस्टीममध्ये दिसत नाही" म्हणाले, तिसऱ्या वेळी मी खुर्ची ओढून बसले, मग दिसला.

आणि एक छोटी, बारा व्होल्टची बॅटरी असते, ती विसरू नका. दिवाळीच्या सुट्टीत गाडी अठरा दिवस उभी होती. मोठ्या बॅटरीत 70 टक्के, तरी गाडी मेलेली, दारसुद्धा उघडेना. रिक्षावाल्याच्या बॅटरीने जंप दिल्यावर जागी झाली. लांब सुट्टीला जाताना शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्याला एकदा अर्धा तास गाडी चालू ठेवायला सांगा.

उन्हाळ्यात गाडी लिंबाखाली लावा, भर दुपारी तापून आली असेल तर तासभर निवू द्या आणि मग चार्जिंगला लावा. मार्च ते जून अर्थिंगच्या खड्ड्यात दर रविवारी दोन बादल्या पाणी ओता. आमच्याकडे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तरी ते ओतावंच लागतं, मी भाजी धुतलेलं पाणी ओतते. त्या खड्ड्याशेजारी तुळस मात्र लावू नका. खालचं मीठ वर येतं. माझ्या दोन जळाल्या.